देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

आमच्यात कामाची वाटणी ठरलेली होती. अक्षरं त्यांची, डबा माझा. त्यांची म्हणजे आमच्या ह्यांची. राजारामपुरीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. लोकांनी कागदावर खरडून आणलेला मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायचा, सजवायचा आणि छपाईला तयार करून द्यायचा. बिलबुकं व्हायची, यात्रेची हँडबिलं व्हायची, पण दुकान चाललं ते लग्नपत्रिकांवर. पंचवीस वर्षं ह्यांनी पत्रिका केल्या. कुणाच्या मामाचं नाव आधी घ्यायचं, कुठल्या चुलत्याचं नाव राहिलं तर तो मांडवातनं उठून जाईल, कुठल्या घरात ज्योतिबा आणि कुठल्या घरात अंबाबाई, हे सगळं त्यांना न विचारता ठाऊक असायचं. गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की आतनं ओरडायचे, "या पावणं! कुणाचं लगीन काढलंय?"

आणि मशीन बंद पडलं की ते खोलणारी मी. आधी एक मेकॅनिक होता. "आलोच वहिनी" म्हणायचा आणि चार दिवसांनी उगवायचा. ऐन लग्नसराईत त्यानं एकदा असंच केलं तेव्हा माझं डोकं सटकलं. मी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटरचा डबा उघडला, रॅम काढून पुसून परत बसवली आणि मशीन चालू झालं की! मग गोडीच लागली. पुढं रीतसर हार्डवेअरचा कोर्स केला. तापट बाईच्या हातात लाटण्यापेक्षा स्क्रू ड्रायव्हर बरा, असं हे गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी आतनं डोळे वटारायची.

मागच्या वर्षी गुढीपाडवा झाला आणि आठ दिवसांत ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे शब्द डोक्यात असायचे, जिभेवर यायचे नाहीत. एका मॅडमकडं बोलायचे धडे घ्यायला जायचो. त्या सांगायच्या, "काका, घरी पूर्ण वाक्य बोलायचं. चुकलं तरी बोलायचं." हे मान हलवायचे आणि घरी आल्यावर 'चहा', 'पंखा', 'न्हाय', एवढ्यावर दिवस काढायचे. कुणी भेटायला आलं तर तेवढंही नाही. आख्ख्या गल्लीला हसवणारा माणूस पाहुण्यांसमोर खाली बघत बसायचा. मला ते बघवायचं नाही. मग मी जास्त बडबडायची, उगाचच.

दुकान बंद केलं. तिथलं जुनं मशीन तेवढं वर आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आणून ठेवलं.

गणपती झाल्यावर लेकीचं लग्न ठरलं. ती पुण्याला नोकरीला. फोनवर म्हणाली, "आई, पत्रिका आम्ही इकडंच ऑनलाइन करून घेतो. बाबांना कशाला त्रास?" मी म्हटलं, "बरं." तेवढ्यात आतनं काठीचा आवाज आला. हे दारात येऊन उभे राहिले. डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मी." फोन स्पीकरवर होता. लेकीनं ते ऐकलं. मग म्हणाली, "बरं बाबा. तुम्हीच करा."

त्या दिवसापासनं घरात एकच गोष्ट महत्त्वाची होती. हजारो पोरींच्या पत्रिका केलेल्या माणसाला स्वतःच्या पोरीची पत्रिका स्वतः करायची होती.

रोज नाश्ता झाला की हे गॅलरीत जाऊन बसायचे. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचे. ह्यांचा कीबोर्ड म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरचा. कुठलं अक्षर कुठं ते आयुष्यभर दोन्ही हातांना ठाऊक, पण आता उजव्या हाताचं निम्मं काम डाव्यानं नव्यानं शिकायचं. एकेका ओळीला सकाळ जायची. मी चहा घेऊन गेले की मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा करायचे. दुकानातला नियमच होता, प्रूफ पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही. मी म्हणायची, "मी काय गिऱ्हाईक हाय?" तर हसायचे. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसायचे.

मशीन मात्र म्हातारं होतं. त्यात ती जुनी विंडोज, हिरव्या टेकडीचं चित्र असलेली. तिच्यावरच ह्यांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर चालायचं आणि ह्यांच्या लाडक्या अक्षरांचे फाँटही तिलाच कळायचे. नव्या लॅपटॉपवर तीच फाईल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसता काला दिसायचा. "बदला, बदला" म्हणून मी दहा वर्षं कानीकपाळी ओरडत होते. हे म्हणायचे, "मशीन बदलीन, पण अक्षरं कुठनं आणू?"

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, तसा आमचा माऊस, कीबोर्ड, ह्यांची स्टीलची पट्टी आणि माझा स्क्रू ड्रायव्हर. त्या वर्षी पाटावर ठेवायला काहीतरी नवं असावं म्हणून मी एक कोरा पेनड्राइव्ह ठेवला. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी बाकीची हत्यारं कामाला गेली. पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात घंटेशेजारी तसाच राहिला. म्हटलं, देवाजवळ पडलाय तर पडू दे.

दसरा होऊन दहाबारा दिवस झाले असतील. सकाळी मी कणीक मळत होते आणि गॅलरीतनं हाक आली, "अगं!" हाक अशी होती, की मी तशीच पळाले. पडदा काळा आणि त्यावर पांढरी एक ओळ, सिस्टीम सापडत नाही म्हणून. डब्यातनं कट कट, कट कट आवाज. हार्ड डिस्क गेली, हे माझ्या कानालाच कळलं.

माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मी भांडते. "दहा वर्षं सांगतीय! ऐकलं कधी? आता बसा!" हे माझ्याकडं बघत होते. मग देवघराकडं हात करून काहीतरी सांगायला लागले. ओठ हलले, शब्द येईना, पुन्हा हात केला. मला वाटलं, देवाला हात जोड म्हणताहेत. आणि मी म्हटलं, "तुम्ही गप बसा हो जरा! मला काम करू द्या."

ज्या माणसानं दोन शब्द बोलावेत म्हणून मी सहा महिने नवस करत होते, त्याला मी गप बसा म्हटलं. हे मी आजही कुणाला सांगत नाही. इथं लिहितीय तेवढंच.

ते गप बसले.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. मशीनला उठायला घरचीच डिस्क लागते असं नाही. पेनड्राइव्हवर लिनक्ससारखी एखादी सिस्टीम घातली आणि मशीनला सांगितलं, की बाबा, आज इथनं ऊठ, तर ते उठतं. आतल्या आजारी डिस्कला धक्का न लावता तिच्यातलं सामान बाहेर काढता येतं. ते आख्खं सामान, विंडोजसकट, एका मोठ्या फाईलमध्ये भरायचं आणि लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन करून चालवायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर. डबा खोटा, पण आतली विंडोज खरी. तिला वाटतं, आपण आपल्या जुन्याच डब्यात आहोत.

त्यासाठी एक धड पेनड्राइव्ह हवा होता. खणात गिऱ्हाइकांचे विसरलेले ढीगभर पडले होते. दोन मेलेले निघाले, एक अगदीच लहान. एवढ्यात देव्हाऱ्यातला कोरा आठवला. हात जोडले, "अंबाबाई, घेते गं," म्हटलं आणि घेतला. त्यावरचं कुंकू अजून ओलसर होतं. तिथंच मला कळायला हवं होतं. बारा दिवसांचं कुंकू ओलं कसं राहील? पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. लॅपटॉपला लावला, लिनक्स लिहायला घेतली, तिनं विचारलं, "यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?" मी धाडकन हो दाबलं.

पुढचं सगळं कसं देखणं झालं म्हणून सांगू! जुनं मशीन पहिल्या झटक्यात पेनड्राइव्हवरनं उठलं. आतले फोल्डर दिसायला लागले. मी दिवसभर त्याच्या उशाशी बसून आख्खी डिस्क उतरवून घेतली. काही जागा वाचता येईनात, त्या सुटल्या. म्हटलं, पंचवीस वर्षांच्या ढिगातल्या चार फायली गेल्या तर गेल्या. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन केलं. पहिल्यांदा नुसता निळा पडदा पडला. चार शिव्या घातल्या. मग डिस्क जोडायचा प्रकार जुन्या पद्धतीचा करून बघितला आणि चालू केलं.

तो सूर वाजला. जुन्या विंडोजचा, सुरू होतानाचा. दुकानाचं शटर वर गेलं की रोज सकाळी वाजायचा तो. हे आत कॉटवर पडले होते. काठी न घेताच उठले, भिंत धरत आले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकट, चौकटीत हिरवी टेकडी आणि ह्यांचे सगळे फोल्डर जिथल्या तिथं. हे बघतच राहिले. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी. मी म्हटलं, "रडता काय खुळ्यासारखं? बसा, पत्रिका उघडा."

उघडली नाही. फाईल दिसत होती, नाव बरोबर होतं, पण क्लिक केलं की खराब आहे म्हणायची. न वाचलेल्या जागांत नेमकी तीच होती. मी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिले. हे मात्र शांत. हसले, 'थांब' अशी खूण केली आणि भिंत धरत देवघरात गेले.

घंटेशेजारी चाचपडत होते. मग मूर्तीमागं. मग फुलांच्या तबकात.

मी गॅलरीच्या दारातनं बघत होते आणि मला हळूहळू सगळं कळत गेलं. डिस्कची कटकट त्यांच्या कानाला माझ्याआधी लागली होती. पत्रिका पुरी झाल्यावर त्यांनी ती देव्हाऱ्यातल्या कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतली, त्याला ताजं हळद-कुंकू लावलं आणि परत जागेवर ठेवला. पहिली पत्रिका देवाला ठेवायची असते ना! हजार घरांना त्यांनी हे सांगितलं होतं, तेच आपल्या घरात केलं. आणि मशीन बंद पडलं त्या सकाळी हात करून हेच सांगत होते.

हे रिकाम्या हातानं परत आले. जुन्या मशीनला लावलेला पेनड्राइव्ह त्यांना दिसला आणि चेहरा उजळला. त्यांनी स्वतः डाव्या हातानं तो काढला, लॅपटॉपला लावला. आत माझी लिनक्स होती, दुसरं काही नाही.

"अहो," मी म्हटलं, "मी पुसला तो. न बघता."

त्यांनी पेनड्राइव्हवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं, तो टेबलावर ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. भर दुपारी.

दोन दिवस मी त्या पेनड्राइव्हमागं लागले. पुसलेलं शोधून काढणारी जेवढी म्हणून सॉफ्टवेअर ठाऊक होती, तेवढी चालवली. पत्रिकेवर लावायचं गणपतीचं चित्र तेवढं सापडलं. मजकूर एक अक्षर नाही. व्हर्च्युअल मशीनची एक गंमत असते, आहे त्या स्थितीची नोंद करून ठेवायची आणि पुढं काही बिघडलं की त्याच क्षणावर परत जायचं. मी ती नोंद रोज करते. तशी माणसाची करता आली असती तर मी पाडव्याच्या आदल्या दिवशीची करून ठेवली असती. हे त्या दिवशी बासुंदी ढवळत मला चिडवत होते.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, पत्रिका झाली का म्हणून. मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "चूक माझी हाय. किती वेळा म्हणू? आता एवढे दिवस परत न्हाईत आपल्याकडं. तिला करू दे ऑनलाइन." आवाज चढलाच माझा. माफी मागतानासुद्धा मी भांडल्यासारखीच बोलते.

"न्हाय," हे म्हणाले आणि उठले.

गॅलरीत गेले. आपल्या खुर्चीत बसले नाहीत, शेजारच्या स्टुलावर बसले आणि खुर्चीवर हात थोपटला. मी बसले. मग तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मी सांगतो," म्हणाले. बऱ्याच वेळानं पुढचं आलं. "तू मार."

टाइप करण्याला आमच्या दुकानात मारणंच म्हणायचे. झटक्यानंतरचं त्यांचं हे पहिलं पुरं वाक्य.

चार सकाळी लागल्या. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्यांचं जुनं सॉफ्टवेअर उघडं, त्यांचा कीबोर्ड आणि माझी नवखी बोटं. मला तो टाइपरायटरचा कीबोर्ड कधीच आला नव्हता. ते शब्द सांगायचे आणि पडद्यावर चुकीचं अक्षर उमटलं की बोटानं बरोबर बटण दाखवायचे. पुसून गेलेली पत्रिका त्यांच्या डोक्यात काना-मात्रेसकट शाबूत होती. फक्त बाहेर यायला वाट अरुंद होती. 'कुलस्वामिनी'ला दहा मिनिटं. 'शुभमुहूर्तावर'ला तर अर्धी सकाळ. मला पुढचा शब्द आधीच कळायचा, मी मारायला जायची, की टेबलावर चापट. "न्हाय. मी." मग मी हात मांडीवर ठेवून बसायची. मी, जिला दूध तापेपर्यंत थांबवत नाही, ती.

पत्रिकेत खाली लहान मुलांच्या नावानं एक ओळ घालतात, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' ती सांगायची वेळ आली. मी म्हटलं, "आपल्या घरात आता बारकं पोर कोण हाय? कुणाचं नाव घालायचं?"

"माझं," म्हणाले. आणि सावकाश सांगितलं, "माझ्या पोरीच्या... लग्नाला... यायचं हं." खाली सही, बाबा.

मी हसले की रडले ते मला सांगता यायचं नाही. लेकीला नंतर फोनवर वाचून दाखवलं तर ती मात्र सरळ रडली.

चौथ्या दिवशी शेवटच्या ओळी उरल्या, निमंत्रकांच्या. आमच्याकडं 'सौ. व श्री.' असं लिहितात, आधी बायकोचं नाव, मग नवऱ्याचं. हे म्हणाले, "सौ." आणि थांबले.

झटक्यापासनं ह्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. लेकीचं नाव महिन्यात आलं, शेजाऱ्यांचं आलं, छापखानेवाल्याचंसुद्धा आलं. माझं आलं नाही. 'अगं'वर भागत होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, होतं असं, अगदी जवळचं नावच कधीकधी अडकतं, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं नाही, असं सगळ्यांना सांगायची. खोटं सांगायची. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना मी स्वतःच स्वतःचं नाव हळूच म्हणून बघायची, ते एवढं अवघड आहे का म्हणून.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. गळ्याची शीर ताणलेली. ओठ जुळायचे, सुटायचे. मला नाव ठाऊक होतं हो! माझंच होतं. चार बटणं दाबली असती की पत्रिका संपत होती. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली. डाळ करपली असणार. मी उठले नाही. हात मांडीवरनं उचलले नाहीत. तोंडातनं अवाक्षर काढलं नाही.

मग ते म्हणाले. तीन तुकड्यांत म्हणाले, शेवटचा तुकडा श्वासाबरोबर बाहेर पडला, पण आख्खं म्हणाले. डोळे उघडून माझ्याकडं बघत होते, बरोबर आलं का म्हणून.

मला कीबोर्ड दिसेना. पदरानं डोळे पुसले, तरी दिसेना. म्हटलं, "परत म्हणा."

ते परत म्हणाले.